बोलण्यातला तकिया कसा काढावा

मराठवाड्यात ज्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले, त्या पिढीकडे एका सवयीसाठी नेमका शब्द होता: तकियाकलाम. तकिया म्हणजे उशी किंवा लोड, आणि कलाम म्हणजे बोलणे. बैठकीतला माणूस जसा मधूनमधून तक्क्याला रेलतो, तसा बोलणारा ज्या शब्दावर पुन्हा पुन्हा रेलतो, तो त्याचा तकियाकलाम. माझ्या आजोबांचा तकियाकलाम 'मतलब असा की' हा होता, आणि तो मतलब आपल्याला शेवटपर्यंत कळला नाही, असे आजी म्हणत असे. संस्कृत पद्यकारांनाही ही गरज ठाऊक होती. श्लोकाच्या चरणात अक्षरे कमी पडली की 'च', 'वै', 'तु', 'हि' घालून तो भरून काढावयाचा, आणि त्यावरूनच मराठीत निव्वळ भरतीच्या माणसांना 'चवैतुहि' म्हणण्याची रीत पडली. तेव्हा भरतीच्या शब्दांचे खापर मोबाइलवर किंवा इंग्रजी शाळांवर फोडण्यात अर्थ नाही. 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' ही त्या जुन्या घराण्यातली अलीकडची पोरे आहेत.

कोणता शब्द कानाला खुपतो हे माणसागणिक बदलते. तो का खुपतो, याचे कारण मात्र मला बहुतेक वेळा एकच आढळले आहे: बोलणारा त्या शब्दाच्या आडून ऐकणाऱ्याचे काहीतरी काढून घेत असतो. कधी त्याचा वेळ जातो, कधी त्याला हवे असलेले उत्तर जाते, आणि कधी त्याचा मान जातो. यांपैकी काय जात आहे हे आधी ओळखावे, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर भांडण होते.

आधी आपले बोलणे ऐकावे

मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवला. एकदा वह्या तपासताना एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार उभ्या आणि एक तिरकी अशा रेघांचे गठ्ठे दिसले. हे कसले गणित, असे विचारल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला. शेजारच्या मुलाने सांगितले की सर एका तासात 'लक्षात आलं का' किती वेळा म्हणतात याची ती मोजदाद आहे, आणि आतापर्यंतचा उच्चांक ४३ चा आहे. तास ३५ मिनिटांचा होता. म्हणजे दर मिनिटाला एकाहून अधिक वेळा मी मुलांना असा प्रश्न विचारत होतो, ज्याच्या उत्तराची मी कधी वाटच पाहिली नव्हती. त्या मोजणीवर वर्गात पेरूच्या पैजा लागत, हे मला फार पुढे कळले.

असा विद्यार्थी ज्यांच्या वाट्याला आलेला नाही, त्यांनी मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची सोय वापरावी. घरातल्या किंवा मित्रांच्या गप्पांच्या वेळी, सर्वांना सांगून, मोबाइल बाजूला चालू ठेवावा आणि अर्धा तास विसरून जावे. पहिल्या दहा मिनिटांचे बोलणे मोजणीत धरू नये, कारण मुद्रण चालू आहे हे ठाऊक असताना माणूस आकाशवाणीवर बसल्यासारखा बोलतो. नंतर ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटेल. आपण एरवी आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो आणि यंत्रातून तो केवळ हवेतून येतो, एवढेच त्याचे कारण आहे. त्यापायी ऐकणे बंद करू नये. जो शब्द सर्वांत जास्त वेळा येतो तो एकच कागदावर लिहून घ्यावा. एकदम चार शब्द सोडण्याचा संकल्प करणाऱ्याचे बोलणेच अडखळू लागते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर तो शब्द वाक्यात कोठे येतो ते पाहावे. सुरुवातीला येणारे शब्द, म्हणजे 'म्हणजे कसंय', 'विषय असा आहे की', 'ॲक्च्युअली', हे विचार जुळेपर्यंतची मुदत मागत असतात. मधे येणारे, 'आपलं ते हे', 'काय म्हणतात त्याला', हे हरवलेला शब्द शोधत असतात. शेवटी येणारे, 'बरोबर ना', 'कळलं का', 'खोटं सांगत नाही', हे दाद मागत असतात. मुदत मागणाऱ्या शब्दाच्या जागी गप्प राहावे. श्वास घेण्याइतकी ती शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला मात्र ती जाणवतही नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे पारावर किंवा चहाच्या टपरीवर कोणी क्षणभर थांबले की दुसरा लगेच बोलणे हातात घेतो, म्हणून लोक जागा धरून ठेवण्यासाठी 'कसंय' म्हणत राहतात, जसा एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात. तेथे थांबण्याचा सराव करू नये. तो घरी करावा. हरवलेल्या शब्दासाठी 'ते हे' म्हणण्यापेक्षा त्या वस्तूचे काम सांगावे, समोरचा माणूस शब्द पुरवतो आणि त्याला बरेही वाटते.

दाद मागणारे शब्द सर्वांत चिवट असतात. मी 'लक्षात आलं का' सोडले आणि पंधरा दिवसांत 'बरोबर ना' सुरू केले. मुलांनी वहीत नवे पान काढले. उशीच्या जागी दुसरी उशी ठेवून उपयोग नसतो. शेवटी मी असे ठरवले की ज्या ठिकाणी जीभ त्या शब्दाकडे वळते, त्या ठिकाणी खरा प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे. परतीच्या पावसाचा पाठ चालू असताना 'लक्षात आलं का' च्या ऐवजी मी विचारले की हा पाऊस आपल्या भागात कोणत्या पिकाचे काय करतो. पुस्तकी उत्तर रब्बीच्या ज्वारीचे आणि हरभऱ्याचे होते. मागच्या बाकावरून उत्तर आले, "काढलेल्या सोयाबीनचं वाटोळं करतो, सर." त्या तासाला पुढची वीस मिनिटे मला काही भरतीचे बोलावे लागले नाही.

'बघू' आणि त्याची भावंडे

'बघू', 'करू की', 'होऊन जाईल', 'उद्या या', 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'वरून आलेलं नाही', आणि या कुळातले सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे'. यांतील एकही शब्द उद्धट नाही. तरीही तालुक्याच्या गावी दोनदा एसटीने जाऊन आलेल्या माणसाच्या कपाळाची शीर त्यांनी ताठते, कारण प्रश्न विचारूनही त्याच्या हाती उत्तर पडत नाही आणि नकारही पडत नाही. नकार मिळाला तर माणूस दुसरा मार्ग धरू शकतो. 'बघू' त्याला आहे तेथेच उभे ठेवते.

येथे आवाज चढवून काही होत नाही. 'बघू' या शब्दाला तारीख जोडून परत करावी: "बरं साहेब, मग मी सोमवारी येऊ की बुधवारी?" दोन्हींपैकी एक निवडणे हे 'बघू' पुन्हा म्हणण्यापेक्षा सोपे असते, आणि निवडलेला वार माणसाच्या तोंडून गेलेला असतो. सरकारी कामात याहून पक्के साधन आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे, आणि त्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला ठरावीक मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाची सोय आहे. त्यामुळे अर्ज दिला की पोच मागावी, पोचेवर अर्जाचा क्रमांक आहे का ते पाहावे, फलकावर लावलेली मुदत वाचावी आणि पुढच्या वेळी 'माझं काम कधी होईल' असे न विचारता 'या क्रमांकाच्या अर्जाची मुदत अमुक तारखेला संपते, तोवर होईल ना' असे विचारावे. अर्ज नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतात. खिडकीपलीकडच्या माणसाला 'उद्या या' म्हणण्याची जितकी सवय असते, तितकीच लेखी काही देण्याची नसते, म्हणून लेखीचा विषय निघाला की बोलण्याची भाषाही बदलते.

मात्र 'बघू' सर्वत्र उपटून टाकावे असे मी म्हणणार नाही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमानंतर वराकडचे 'कळवतो' म्हणतात, तेव्हा पोह्यांच्या बशा उचलण्याआधीच दोन्ही घरांना उत्तर कळलेले असते. तो शब्द उत्तर लपवत नाही, उलट सर्वांची लाज राखून ते पोहोचवतो. तेथे 'कधी कळवता, सोमवारी की बुधवारी' असे विचारणारा माणूस अडाणी ठरेल आणि ते बरोबरच आहे.

व्यासपीठ आणि मोबाइल

वेळ खाणाऱ्या वाक्यांची खाण म्हणजे सत्काराचा कार्यक्रम. 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही' हे वाक्य मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, सकाळच्या ध्वजवंदनानंतरच्या भाषणांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच उन्हात उभ्या असलेल्या मुलांचे पाय दुखू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बोलावयास उभे राहणाऱ्याने तीन वाक्ये वगळावीत: जास्त वेळ घेणार नाही, माझ्या आधीच्या वक्त्यांनी सर्व सांगितलेच आहे, आणि माझे दोन शब्द संपवतो. व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव घेण्याचे काम सूत्रसंचालकाने केलेले असते. नंतरच्या प्रत्येकाने 'उपस्थित सर्व मान्यवर' एवढ्यावर भागवले तर कोणीही रुसत नाही. रुसणारे एक-दोघे असतातच, पण ते नाव घेतले तरी क्रमावरून रुसतात.

मोबाइलवर 'एक काम होतं तुमच्याकडं' एवढाच संदेश पाठवून गप्प बसू नये. ज्याला तो मिळतो, त्याच्या मनात उसने पैसे, बदली, दवाखाना आणि कोर्ट हे सर्व एका चहाच्या वेळात येऊन जाते. काम पहिल्याच संदेशात लिहावे.

मान काढून घेणारी वाक्ये

हा भाग अवघड आहे, कारण यातील वाक्ये बोलणाऱ्याला आपुलकीची वाटतात. 'राग मानू नका, पण' असे म्हटले की पुढे राग येण्यासारखेच काही येणार हे ठरलेले असते, आणि रागावण्याचा हक्क मात्र आधीच काढून घेतलेला असतो. 'मी म्हटलंच होतं' मध्ये सांत्वनाचा आव असतो. 'तुला नाही कळायचं' हे घराघरांत बायकांना आणि मुलांना इतके ऐकवले जाते की बोलणाऱ्याला त्यात काही वावगे आहे हेच जाणवत नाही. 'वाळलास की रे', 'अंगानं भरलीस', 'गोड बातमी कधी' ही वाक्ये लग्नाच्या मांडवात भेटीचा पहिला शब्द म्हणून येतात. त्यांच्या जागी 'कधी आलात' आणि 'जेवलात का' हे दोन प्रश्न पुरेसे आहेत, आणि ते कोणालाही कधी टोचलेले मला माहीत नाहीत.

यांत मला सर्वांत जास्त खुपणारा प्रश्न आडनावाचा आहे. अनोळखी माणसाला 'गाव कोणतं' विचारणे ही आपल्याकडची साधी माणुसकी आहे. त्यातून ओळख निघते, ओळखीतून पाणी आणि चहा निघतो. पण नाव सांगितल्यावर 'पुढचं?' असे विचारले जाते, आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'पाहुणे कुठले' येते, आणि तरीही भागले नाही तर 'म्हणजे तुम्ही कुणापैकी' हा प्रश्न उघडच टाकला जातो. उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला बसावयास कोठे सांगावे हे विचारणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि ते ज्याला विचारले जाते त्याला अचूक कळते. आपल्या तोंडी हा प्रश्न येत असेल तर तो गावापाशी थांबवावा. आपल्याला विचारला गेला तर नावानंतर आपले काम सांगावे: "मी अमुक, पंचायत समितीत पंपदुरुस्तीचं काम बघतो, तुमचं काय काम होतं?" प्रश्नाने उत्तर दिल्यावर बहुतेक जण पुढे जातात. जो तरीही अडून राहतो, त्याला "ते कशाला लागतंय?" एवढे शांतपणे विचारण्यात काहीही उद्धट नाही.

बाहेरगावी गेलेल्या मराठवाड्यातील माणसाला आणखी एक प्रकार सोसावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्या गाड्या काही महिन्यांत थांबल्या, पण 'तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतं ना' हा विनोद इतक्या वर्षांनंतरही थांबलेला नाही, आणि तो करणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच प्रथम सुचला असे वाटते. बातम्यांतील 'दुष्काळ पाचवीला पुजलेला मराठवाडा' आणि भाषणांतील 'संतांची भूमी' या दोन शिक्क्यांबद्दलही मला तेच वाटते. एक कीव करतो, दुसरा पाठ थोपटतो, आणि पैनगंगेच्या काठचा शेतकरी व जायकवाडीच्या कालव्यावरचा शेतकरी यांच्यात काही फरक असेल असे दोघांनाही सुचत नाही. अशा विनोदावर रागावले तर 'गंमत केली' म्हणतात. त्यापेक्षा खरे उत्तर सविस्तर द्यावे: ती गाडी कोठून निघत होती, पाणी कोठे उतरवत होते, शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येत असे. तिसऱ्या वाक्याला हसणारा माणूस घड्याळ पाहू लागतो आणि पुन्हा तो विनोद करीत नाही.

दुसऱ्याला सांगायचे कसे

चारचौघांत सांगू नये आणि नक्कल करून तर मुळीच सांगू नये. नक्कल केली की शब्द सुटत नाही, माणूस सुटतो. एकट्याला गाठून, एकच शब्द सांगावा आणि त्याने आपले काय होते ते सांगावे. 'तुम्ही सारखं कळलं का म्हणता' यात आरोप आहे. 'तुम्ही कळलं का म्हटलं की मला वाटतं, मी मठ्ठ आहे असं तुम्हाला वाटतंय' यात माहिती आहे, आणि बहुधा ती माहिती ऐकणाऱ्याला खरोखरच नवी असते.

वडीलधाऱ्यांना शब्द दाखवून देऊ नये, तो वळवावा. 'मी म्हटलंच होतं' असे मामा म्हणाले, तर "हो मामा, तुम्ही आधीच सांगितलं होतं. आता पुढं काय करावं ते सांगा" असे म्हणावे. मानाची मागणी पुरी झाल्यावर बहुतेक मामा कामाचे बोलू लागतात. नवऱ्याने 'तुला नाही कळायचं' म्हटल्यावर "अहो, मग समजावून सांगा की" असे म्हणून समोर बसून राहणारी एक शेजारीण मला माहीत आहे. तिच्या नवऱ्याला पीकविम्याचा अर्ज समजावून सांगता आला नाही, आणि आता तो अर्ज तीच भरते. तरुण मुलांच्या 'विषय हार्ड' आणि 'भावा' यांच्या मागे लागू नये. ते शब्द दोन-तीन वर्षांत आपोआप गळतात आणि त्यांच्या जागी आणखी वाईट येतात.

जे काढू नये

आता एक सावधगिरी. आपल्या बोलण्यातले जे जे इतरांना खुपते, ते सगळेच तकिये नसतात. 'पाऊस पडायलाय', 'मी जेवायलोय', 'काहून', 'लई', 'खामखा' या शब्दांवर पुण्या-मुंबईकडे लोक हसतात, आणि तेथे नोकरीला गेलेली आपली मुले पहिल्या महिन्यातच ते दडवू लागतात. यांपैकी एकही शब्द ऐकणाऱ्याचे काही काढून घेत नाही. 'पडायलाय' म्हणजे आत्ता, या क्षणी, पडत आहे. त्यात वेळ वाया जात नाही, उत्तर लपत नाही आणि कोणाचा मान जात नाही. 'भेटलं' आणि 'मिळालं' यांच्यावरून होणारे वादही याच जातीचे आहेत. अर्जात, परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात प्रमाण मराठी लिहावी, कारण ती सर्वांना सारखी वाचता येते. बोलण्यात मात्र या शब्दांवर रेघा ओढू नयेत. गंमत अशी की ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आला की आपण जो शब्द वापरतो, तो 'बेजार' सुद्धा 'खामखा' सारखाच फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याच्यावर कोणी हसत नाही.

वहीत रेघा ओढणारा तो विद्यार्थी आता पुण्यात एका कंपनीत आहे. परवा त्याचा फोन आला. "काय करायलात सर?" असे विचारून त्याने सांगितले की कामावरची मंडळी त्याच्या 'करायलो' ची नक्कल करतात, तेव्हा तो शब्द सोडावा की काय. मी त्याला वर लिहिले आहे तेवढे सर्व समजावून सांगितले, कोणता शब्द समोरच्याचे काय काढून घेतो आणि कोणता घेत नाही ते उदाहरणांसह सांगितले, आणि शेवटी, इतक्या वर्षांनी, "लक्षात आलं का?" असे म्हणालो.

पलीकडून आवाज आला, "एक."